पाणी मोजण्याआधी

सहल ठरली की विद्यार्थी कपड्यांची यादी करतात आणि शिक्षक धोक्यांची. आमच्या शाळेची आर्क्टिक प्रदेशातील अभ्याससहल ठरली, तेव्हा मी मात्र तिसरीच यादी करायला बसले. ती होती उपकरणांची. कॅनडाच्या राजधानीत, ओटावा शहरातील एका माध्यमिक शाळेत मी रसायनशास्त्र शिकवते. अकरावीचे बारा विद्यार्थी घेऊन सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात बॅफिन बेटावरील इकालुइत या शहरी जायचे, सहा दिवस राहायचे आणि तेथील पाण्याच्या गुणवत्तेचा विद्यार्थ्यांकडून अभ्यास करवून घ्यायचा, अशी ही योजना. पाण्याच्या अभ्यासाचा आराखडा माझ्याकडे आला. नाताळची सुट्टी संपल्यापासून जवळजवळ सहा महिने मी त्यात गुंतले होते. या सहा महिन्यांत पाण्याविषयी मी जे शिकले, त्यापेक्षा स्वतःविषयी अधिक शिकले. म्हणून हे लिहावेसे वाटले.

इकालुइत ही नुनावुत या प्रदेशाची राजधानी. इनुइत लोकांच्या भाषेत या नावाचा अर्थ ‘पुष्कळ मासे असलेली जागा’ असा होतो. १९८७ पर्यंत हे गाव एका इंग्रज दर्यावर्द्याच्या नावाने ओळखले जाई. नंतर त्याला त्याचे मूळ नाव परत मिळाले. १ एप्रिल १९९९ रोजी नुनावुत हा स्वतंत्र प्रदेश अस्तित्वात आला आणि हे गाव त्याची राजधानी झाले. २०२१ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या ७,४२९ होती. आपल्या वसईतील एखाद्या मोठ्या धर्मग्रामाएवढीच म्हणा ना! ओटावाहून तेथे रस्ता जात नाही, आगगाडी जात नाही. विमानाने सुमारे तीन तास लागतात. शहर ध्रुववृत्ताच्या थोडे दक्षिणेस आहे, तरी तेथे झाड म्हणून उगवत नाही. खडक, शेवाळ, बुटकी झुडपे आणि जागोजाग साठलेली तळी, असा तो मुलूख. जमीन खाली कायमची गोठलेली असते. उन्हाळ्यात वरचा थोडासा थर तेवढा विरघळतो. त्यामुळे बर्फाचे पाणी खोल जिरत नाही. ते वरच्यावर वाहते किंवा डबक्यांत साचते. तेथे विहीर खणून पाणी काढावे, ही कल्पनाच करता येत नाही. विहिरीच्या काठी वाढलेल्या माझ्यासारखीला हे पहिल्यांदा वाचताना चमत्कारिक वाटले.

माझी पहिली यादी चांगली लांबलचक झाली. पाण्याचे तापमान, सामू, विद्युतवाहकता, विरघळलेला प्राणवायू, गढूळपणा, नायट्रेट, फॉस्फेट आणि जंतू. वर्गात मी मुलांना सांगितले, की थंड पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो. शून्य अंश तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात तो सुमारे १४.६ मिलिग्रॅम मावतो, तर ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम ७.६ मिलिग्रॅम. पुस्तकातली ही गोष्ट नदीत हात बुडवून पाहता येईल, म्हणून मुले हरखून गेली.

पण एकेक चाचणी तपासू लागले तशा अडचणी पुढे आल्या. प्राणवायू मोजण्याची १८८८ सालची विंक्लर यांची पद्धत मला अतिशय प्रिय आहे. तिच्यात पाण्याचा रंग डोळ्यांसमोर बदलत जातो आणि मुलांना रसायनशास्त्र खरोखर दिसते. परंतु तिला तीव्र आम्ल लागते आणि ते विमानात नेऊ देत नाहीत. म्हणून प्रकाशावर चालणारे मापक घ्यायचे ठरले. नायट्रेटच्या एका प्रचलित चाचणीत कॅडमियम वापरतात. तो विषारी धातू आहे. वापरून झालेले पाणी तेथे ओतून यायचे काय? म्हणजे पाण्याची शुद्धता तपासायला जायचे आणि त्या जमिनीवर आपलेच विष ठेवून यायचे! ती चाचणी गाळली. कठीण खडकांवरून वाहणाऱ्या बर्फाच्या पाण्यात क्षार फार थोडे असतात. अशा पाण्यात सामूचे मापक लवकर स्थिरावत नाही, आकडा हळूहळू सरकत राहतो. घाईने लिहिलेला आकडा खोटा ठरतो. म्हणून प्रत्येक नमुन्यापाशी थांबायचे, तीनदा मोजायचे, असा नियम केला. थंडीत बॅटऱ्या लवकर दम सोडतात. त्या कोटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवायच्या. जंतूंच्या चाचणीसाठी नमुना ३५ अंशांवर २४ तास ठेवावा लागतो, म्हणून एक लहानशी उबपेटीही सामानात आली.

यादीत आणखी एक गोष्ट होती, तिच्याविषयी मुलांना फार कुतूहल वाटले. तिला आम्ही कोरा नमुना म्हणतो. ओटावाहून शुद्ध केलेले पाणी बाटलीत न्यायचे. नदीकाठी ती बाटली उघडायची, ते पाणी नमुन्याच्या बाटलीत ओतायचे, आणि नदीच्या पाण्याच्या ज्या चाचण्या करायच्या त्या सगळ्या त्याच्याही करायच्या. त्यात काही सापडता कामा नये. सापडलेच तर ते नदीचे नव्हे. ते आपल्या हातांचे, आपल्या बाटल्यांचे, आपल्या निष्काळजीपणाचे. एक विद्यार्थी म्हणाला, “म्हणजे हा नमुना पाणी तपासत नाही, आपल्याला तपासतो.” मी हसून मान डोलावली. त्या वाक्याची आठवण पुढे मला वेगळ्या कारणाने होणार होती, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

मार्चपर्यंत आराखडा तयार झाला. नकाशावर सिल्व्हिया ग्रिनेल नदी, एपेक्स नदी आणि काही लहान तळी अशी ठिकाणे मी लाल शाईने नोंदली. शीर्षकही ठरवले: ‘आर्क्टिकच्या निर्मळ पाण्यावर हवामानबदलाचा परिणाम’. मुलांना ते फार आवडले. मलाही आवडले होते, हे कबूल करायला हवे.

नुनावुतमध्ये संशोधन करायचे तर परवाना लागतो. तो इकालुइतमधीलच नुनावुत संशोधन संस्था देते. अर्जासोबत अभ्यासाचा सोप्या भाषेतील सारांश जोडावा लागतो आणि तो इनुक्टिटुट या स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. मी सारांश लिहिला, एका भाषांतरकाराकडून तो इनुक्टिटुटमध्ये करून घेतला. अर्ज पाठवण्यापूर्वी कोणातरी जाणत्या माणसाने तो नजरेखालून घालावा असे मनात आले, आणि आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध बाई आठवल्या.

ओटावात इनुइत कुटुंबे पुष्कळ आहेत. उत्तरेत मोठी रुग्णालये नाहीत, म्हणून बॅफिन बेटावरील आजारी माणसांना उपचारांसाठी इकडे आणतात. काही परत जातात, काही लेकीसुनांपाशी राहतात. या बाईही उपचारांसाठी आल्या आणि मुलीकडे राहिल्या. जन्म इग्लूलिकचा, आयुष्याचा बराचसा काळ इकालुइतमध्ये गेलेला. रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या सभागृहात चहा असतो, तेथे त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेल्या असत. आमच्याकडे अशा वयाच्या बाईला आजी म्हणतात, असे मी त्यांना एकदा सांगितले होते. त्यावर त्या म्हणाल्या होत्या, “आमच्या भाषेत अनानात्सियाक. तसं म्हणत जा.” तेव्हापासून मी त्यांना तशीच हाक मारते.

त्यांनी तो कागद हाती घेतला. इनुक्टिटुटची अक्षरे त्रिकोण, कोन आणि वळणांची असतात. त्या अक्षरांवरून बोट फिरवत त्यांनी सगळा सारांश सावकाश वाचला. मग पुन्हा एकदा वाचला. मला वाटले, भाषेच्या चुका सांगतील. त्यांनी कागद घडी करून मला दिला आणि विचारले,

“यात ते पाणी पिणारी माणसं कुठे आहेत?”

मला उत्तर सुचले नाही. मी म्हटले, “आम्ही पाण्याचा अभ्यास करणार आहोत.”

“तेच विचारते. तुम्ही निर्मळ पाणी असं लिहिलंय. ते निर्मळ आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं? आणि ते निर्मळ नसेल, तर कोणाला सांगणार?”

मग त्या चहाविषयी बोलू लागल्या. त्यांच्या लहानपणी चहासाठी नीलाक आणत. नीलाक म्हणजे गोड्या पाण्याचा बर्फ. समुद्राच्या बर्फाला वेगळा शब्द, जमिनीवर पडलेल्या हिमाला वेगळा, आणि पिण्यासाठी वितळवायच्या या बर्फाला वेगळा. आजही कित्येक घरांत नळ असूनही चहाचे पाणी बाहेरून आणतात, कारण नळाच्या पाण्याचा चहा त्यांना रुचत नाही. “ओटावाच्या पाण्याला औषधाचा वास येतो,” असे म्हणून त्यांनी समोरचा कप किंचित दूर सारला. पिण्याच्या पाण्याला त्यांच्या भाषेत ‘इमिक’ म्हणतात. पिणे या क्रियेचा शब्दही त्याच मुळापासून होतो.

घरी परतताना गाडीत मला एकदम जाणवले, की आपला ‘पाणी’ हा शब्दही तसाच आहे. संस्कृतातील ‘पानीय’ म्हणजे पिण्याजोगे, त्यावरून पाणी. पृथ्वीच्या दोन टोकांना, एकमेकांचे नावही ठाऊक नसलेल्या दोन लोकांनी या वस्तूला नाव देताना तिचा रंग पाहिला नाही, तिची खोली पाहिली नाही. माणसाची तहान पाहिली. आणि मी रसायनशास्त्राची मराठी शिक्षिका, तीन पानांचा सारांश लिहिते आणि त्यात तहान लागलेला एकही माणूस नसतो!

त्या रात्री मला माझी आजी आठवली. वसईत आमच्या वाडीत विहीर होती, तिच्यावर रहाट होता. केळी आणि पानवेली तिच्याच पाण्यावर जगत. पलीकडे बावखल होते, पावसाळ्यात ते तुडुंब भरले की विहिरीचे पाणी वर येई. माझ्या शाळकरी वयात वसईच्या विहिरींतील पाणी टँकरांनी भरभरून बाहेर जाऊ लागले. पुढे त्याविरुद्ध लोक उभे राहिले. दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईसाठी दिलेला लढा आपल्या वाचकांना सांगायला नको. पण त्या लढ्याच्या आधीची एक सकाळ माझ्या मनात राहिली आहे. आजीने तांब्यातले पाणी तोंडात घेतले, थोडे थांबली, आणि म्हणाली, “पाणी मचूळ लागतंय.” वडिलांनीही घोटभर पिऊन पाहिले, पण त्यांना काही वाटले नाही. ती मात्र रोज सांगत राहिली.

त्यानंतर काही महिन्यांनी शहरातून दोघे तरुण आले. त्यांच्याजवळ पेटी होती, काचेच्या कुप्या होत्या. त्यांनी विहिरीत दोरी सोडून पाणी काढले, कुप्या भरल्या, वहीत आकडे लिहिले. आजी त्यांना काही सांगू पाहत होती. त्यांनी तिला हसून हात जोडले आणि निघून गेले. त्या कुप्यांत काय सापडले, हे आम्हाला कोणी कधी कळवले नाही. त्या दिवशी त्यांच्या हातातील चकाकत्या कुप्या पाहूनच मला रसायनशास्त्राची ओढ लागली, हेही खरे. आणि इतक्या वर्षांनी, इतक्या दूरवर, मी त्यांच्याच चालीने निघाले होते, हेही तितकेच खरे.

इकालुइतच्या पाण्याची अलीकडची कहाणी मी वाचली होती, पण आता ती नव्या डोळ्यांनी पुन्हा वाचली. शहराला पाणी जेराल्डिन सरोवरातून मिळते. ते शुद्धीकरण केंद्रातून जाते, काही भागांत उबदार ठेवलेल्या नळांतून आणि काही भागांत टाकीच्या गाड्यांतून घरोघरी पोहोचते. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये लोक सांगू लागले, की नळाच्या पाण्याला इंधनाचा वास येतो आहे. १२ ऑक्टोबरला शहराने आणीबाणी जाहीर केली आणि नळाचे पाणी पिऊ नका असे सांगितले. उकळून पिण्याचाही उपयोग नव्हता, कारण उकळल्याने जंतू मरतात, इंधन जात नाही. बाटल्यांतील पाणी विमानाने आणावे लागले. लोक सिल्व्हिया ग्रिनेल नदीवर जाऊन भांडी भरू लागले. पुढे नदीचे पाणी शुद्ध करण्यासाठी सैन्याचे पथकही आले. निर्बंध उठले ते १० डिसेंबरला, जवळजवळ दोन महिन्यांनी. जगातल्या गोड्या पाण्याच्या मोठ्या वाट्यापैकी एक वाटा ज्या देशाकडे आहे, त्या देशाच्या एका राजधानीत ही अवस्था झाली. या सगळ्या हकिकतीत मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते हे, की पहिली सूचना माणसांच्या नाकाने दिली. वासाने आधी सांगितले, कागदाने नंतर.

पुढच्या रविवारी मी अनानात्सियाकपाशी जाऊन बसले आणि माझी चूक झाली असे सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मी सात वर्षांची असताना विमान आलं. आम्हाला ख्रिस्तसभेच्या वसतिगृहात नेलं. तिथले काही फादर चांगले होते, काही नव्हते. आम्ही वाचायला शिकलो. पण माझ्या आईला कोणी विचारलं नाही.”

एवढेच. आवाज चढला नाही, डोळे भरले नाहीत. त्यानंतर त्यांनी चहात साखर घातली.

ज्यांच्या श्रद्धेच्या खांद्यावर बसून आपण वाढलो, त्यांच्या हातून झालेल्या अन्यायाविषयी ऐकणे कठीण असते. मिशनऱ्यांनी त्या हिमप्रदेशात काढलेले खडतर दिवस, त्यांनी शिकलेली ती अवघड भाषा, त्यांच्या एकाकी कबरी, या गोष्टी मला ठाऊक होत्या आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात आजही आदर आहे. परंतु मुलांना आईबापांपासून दूर नेऊन, त्यांची भाषा आणि रीत त्यांच्याकडून सुटावी अशी व्यवस्था उभी राहिली आणि तीत ख्रिस्तसभेचा हात होता, हेही तितकेच खरे आहे. २९ जुलै २०२२ रोजी, कॅनडाच्या दौऱ्याच्या शेवटी, दिवंगत पोप फ्रान्सिस इकालुइतला गेले. वयाच्या पंचाऐंशीव्या वर्षी, गुडघ्याच्या दुखण्यामुळे चाकांच्या खुर्चीत बसून ते तेथे पोहोचले. निवासी शाळांतून गेलेल्या लोकांना ते एका शाळेत भेटले, त्यांचे ऐकून घेतले आणि क्षमा मागितली. त्यांनी आधी ऐकले आणि मग बोलले, हा क्रम मला आता महत्त्वाचा वाटतो.

कोऱ्या नमुन्याची आठवण मला त्या दिवशी झाली. प्रायश्चित्त संस्काराआधी आपण आत्मपरीक्षण करतो, ते दुसरे काय असते? समोरच्या पाण्यात काय दोष आहे हे शोधण्याआधी, माझ्या हाताला काय लागले आहे ते तपासणे. माझ्या हाताला लागलेली गोष्ट लहान होती. मला चांगले करायचे होते, म्हणून विचारायची गरज नाही असे मला वाटले होते. पण मोठे अन्यायसुद्धा पुष्कळदा याच लहान गोष्टीपासून सुरू होतात.

योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा आपण उपवासकाळात ऐकतो. जिवंत पाण्याविषयीच्या प्रवचनांतून ती मी अनेकदा ऐकली होती. या वर्षी ऐकताना माझे लक्ष तिच्या सुरुवातीकडे गेले. प्रभू येशू थकून विहिरीपाशी बसला आहे. त्याच्याकडे पोहरा नाही. विहीर तिच्या लोकांची, दोर तिचा, घागर तिची. ज्याच्यापाशी देण्यासारखे सर्वकाही आहे, तो आरंभ करतो तो तिच्याकडे पाणी मागून. परक्या माणसाने आपल्याकडे काही मागितले, म्हणून ती स्त्री बोलू लागते, आणि पुढचे सगळे त्या बोलण्यातून घडते. त्याने जर आधी पाण्यावर व्याख्यान दिले असते, तर ती घागर भरून निमूटपणे घरी गेली असती, माझ्या आजीसारखी.

मग आराखडा पुन्हा लिहायला घेतला. शीर्षक आधी खोडले. सहा दिवसांत हवामानबदल सिद्ध होत नाही. त्याला वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात. मुलांना हे सांगितले तेव्हा ती हिरमुसली. “मग आपण तिथे जाऊन काय सिद्ध करणार?” असे एकीने विचारले. “काही सिद्ध करणार नाही. कोणाच्यातरी उपयोगाचे थोडेसे मोजून येणार,” असे मी म्हणाले. वर्गात शांतता पसरली. विज्ञानाची ही बाजू आम्ही शिक्षक मुलांना क्वचितच दाखवतो.

इकालुइतमधील एका शाळेच्या शिक्षिकेशी मी दूरध्वनीवर बोलले. तुमचे विद्यार्थी आम्हाला ठिकाणे सुचवतील का, असे विचारले. दोन आठवड्यांनी त्यांच्या मुलांनी यादी पाठवली. माझ्या लाल खुणांपैकी एकच खूण तिच्यात होती. त्यांची ठिकाणे ही त्यांच्या घरची माणसे जेथे चहाचे पाणी भरतात, जेथे मासेमारीच्या वेळी थांबतात, ती होती. त्यांनी एक इशाराही दिला होता. या खाडीत भरती-ओहोटीतला फरक अकरा मीटरच्याही वर जातो. मोठ्या भरतीला समुद्राचे पाणी नदीच्या मुखातून धबधब्यापर्यंत चढते. तेव्हा वेळ न पाहता नमुना घेतला तर नदी म्हणून समुद्रच मोजला जाईल. गोड्या पाण्याची विद्युतवाहकता थोडक्या दहांत असते, समुद्राची पन्नास हजारांच्या घरात. ओटावातल्या टेबलावर बसून मी नेमकी ती वेळ ठरवली होती, जेव्हा माझे सगळे आकडे फुकट गेले असते!

आता योजना अशी आहे. पहिल्या दिवशी एकही उपकरण बाहेर काढायचे नाही. त्या शाळेतल्या मुलांसोबत आणि त्यांनी बोलावलेल्या वडीलधाऱ्यांसोबत चहा घ्यायचा आणि पाण्याविषयी ते काय सांगतात ते लिहून घ्यायचे. चव, वास, रंग, कोणत्या महिन्यात पाणी बदलते, कोणत्या वाऱ्याने बदलते. दुसऱ्या दिवसापासून जोडीजोडीने काम: एक विद्यार्थी आमचा, एक त्यांचा. प्रत्येक ठिकाणी तीन मोजमापे, एक कोरा नमुना, आणि भरतीची वेळ. मोजमापांच्या तक्त्यात एक रकाना त्या माणसांच्या शब्दांसाठी ठेवला आहे. मापकांचा एक संच आम्ही तेथेच ठेवून येणार आहोत. शिक्षिकाबाई म्हणाल्या, त्यांची मुले दर महिन्याला नदीवर जातील आणि नोंदी करतील. त्या नोंदी त्यांच्याच असतील. त्यांनी आम्हाला पाठवल्या तर आम्ही त्यातून शिकू. अशा नोंदी दहा वर्षे राहिल्या, तर माझ्या पहिल्या शीर्षकाला कदाचित काही अर्थ येईल. पण तेव्हा तो अभ्यास माझा नसेल.

एक प्रश्न उरला होता, आणि तो सर्वांत अवघड होता. जंतूंच्या चाचणीत पाणी पिवळे झाले आणि अतिनील दिव्याखाली निळसर चमकले, तर ते माणसाच्या किंवा जनावराच्या विष्ठेतून दूषित झाल्याची खूण असते. एखादी आजी ज्या जागी वर्षानुवर्षे चहाचे पाणी भरते, तेथेच असे निघाले तर? मुलांमध्ये वाद झाला. एकाचे म्हणणे, शोध आपला आहे, आपण शाळेच्या विज्ञानप्रदर्शनात मांडू. दुसरीचे म्हणणे, कोणाला सांगूच नये, त्यांना वाईट वाटेल. शेवटी मुलांनीच नियम लिहिला: वाईट बातमी आधी त्या पाण्याच्या माणसांना सांगायची, त्याच दिवशी, त्यांच्या भाषेत, त्यासोबत तेथील सार्वजनिक आरोग्य विभागाला कळवायचे, एका चाचणीवर विसंबायचे नाही, ती पुन्हा करायची, आणि बाकीच्या जगाला काही सांगायचे की नाही, हे ते ठरवतील. हा नियम आराखड्याच्या पहिल्या पानावर आहे. माझ्या अध्यापनाच्या इतक्या वर्षांत विद्यार्थ्यांनी लिहिलेले याहून चांगले वाक्य मला आठवत नाही.

सुधारलेला सारांश घेऊन मी अनानात्सियाककडे गेले. त्यांनी तो पूर्वीसारखाच बोट फिरवत वाचला. एका ठिकाणी थांबून एक शब्द बदलायला सांगितला. आम्ही ‘पाणी तपासणार’ असे लिहिले होते, त्यांनी ‘पिण्याचे पाणी एकत्र पाहणार’ असे सुचवले. परवाना आता मिळाला आहे. ‘लाउदातो सी’ या २०१५ च्या परिपत्रकात पोप फ्रान्सिस यांनी सुरक्षित पिण्याचे पाणी हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क असल्याचे म्हटले आहे. ते परिपत्रक मी पूर्वी वाचले होते, त्यावर धर्मग्रामात भाषणही दिले होते. तो हक्क कोणाच्या कपातला, कोणत्या नदीवरचा, हे मात्र एका आजारी वृद्धेने मला विचारायला शिकवले.

सामान बांधून ठेवले आहे. बाटल्यांवर क्रमांक घातले आहेत. निघण्याआधी तुमच्यासाठी तिकडून काय आणू, असे मी अनानात्सियाकना विचारले. त्या म्हणाल्या, “नदीचं थोडं पाणी. चहापुरतं.” एका विद्यार्थिनीने लगेच एक स्वच्छ बाटली वेगळी काढली आणि त्या बाटलीला क्रमांक द्यायचा का, असे मला विचारले. मी नको म्हटले. ते पाणी मोजायचे नाही. उकळून, चहा करून द्यायचे आहे.

माझी आजी जाऊन बरीच वर्षे झाली. तिच्या विहिरीचे पाणी कसे निघाले, हे तिला सांगायला कोणी परत आले नाही. इकालुइतहून परतताना आमच्यामागे अशी एकही आजी राहू नये, एवढीच प्रार्थना मी सध्या करते.